टर्बोचा गंजलेला डाउनपाइप काढला, माझा अनुभव

टर्बो (सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) आणि डाउनपाइप (टर्बोतून धूर पुढे नेणारा पाइप) यांच्या जोडातून धूर गळत होता. त्याबद्दल जिथे विचारलं तिथे एकच उत्तर, "नट निघणार नाहीत, टर्बोसकट सगळं बदला." अहो पण दुखणं कशाचं, तर मधल्या एका पत्र्याच्या गॅस्केटचं, म्हणजे जोड गळू नये म्हणून मध्ये घालतात त्या चकतीचं! गाडी माझी २०११ ची डिझेल हॅचबॅक, मावसभावाकडून घेतलेली, आणि तो राहतो रत्नागिरीला अगदी समुद्राजवळ, त्यामुळे खालून बघितलं की नुसता गंज. आपल्या इंदुरात हवा कोरडी, इथे नट काळे पडतात फार तर, पण असे पापुद्रे सुटलेले इथल्या मेकॅनिक लोकांना रोज कुठे बघायला मिळतात, म्हणून हात लावायला कुणी तयार नाही.

लक्षण असं की सकाळी थंड गाडी चालू केली की बोनेटमधून टक-टक-टक, इंजिन गरम झालं की आवाज कमी, आणि पलासियाच्या सिग्नलला उभे राहिलो की एसीतून धुराचा वास. (हा वास अंगावर काढू नका, विषारी वायू असतात त्यात.) खात्री करायला इंजिन थंड असतानाच मुलाला सायलेन्सरच्या तोंडाशी जाड ओलं फडकं धरायला लावलं, मग जिथून गळतंय तिथून फुस्स फुस्स मोठ्याने यायला लागतं. माझ्याकडे टर्बो आणि डाउनपाइपच्या जोडावरच येत होतं, आणि तिथे काजळी पण चांगली पसरलेली.

शेजारचे काका हुकुमचंद मिलमध्ये फिटर होते, मिल १९९१ ला बंद पडली पण काकांचा हात अजून बसलेला आहे. त्यांनी बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, "अरे १३ एमएमची गोटी (नटावर बसणारं सॉकेट) नुसतीच फिरते ना? गंजून नट बारीक झालाय. १२ ची घेऊन ये, पण सहा कोनांची, बारा कोनांची आणलीस तर उरलेले कोपरे पण जातील." सियागंजात मिळाली लगेच. ती हलक्या हाताने ठोकून बसवायची, हलक्या म्हणजे खरंच हलक्या, कारण टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाख-दीड लाख फेरे फिरतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो, तिथे घण घातलात तर नट निघेल पण टर्बो कामातून जाईल.

त्याआधी तारेच्या ब्रशने सगळं घासून अर्धं ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल आणि अर्धं अ‍ॅसिटोन असं मिश्रण रोज संध्याकाळी थोडं थोडं सोडत होतो. खरं सांगू, लोक या मिश्रणाची जितकी तारीफ करतात तितकं काही माझ्या पदरात पडलं नाही, वरचा सोपा नट तेवढा सुटला. एक्झॉस्टचे नट वर्षानुवर्षं प्रचंड तापून थंड झालेले असतात, आट्यांमधला गंज पार दगड होतो, तेल आत शिरायला जागाच नसते. जागा करायची तर आगच पाहिजे.

म्हणून पोलोग्राउंडकडच्या एका गॅस वेल्डिंगवाल्या उस्तादांना बोलावलं. आदल्या दिवशीच तेलाचे सगळे ओघळ पुसून काढले, कारण अ‍ॅसिटोन आणि ज्वाला एकत्र म्हणजे काय होईल ते सांगायला नको, बॅटरीची निगेटिव्ह काढली, डिझेलच्या आणि ऑइलच्या पाइपांपुढे पत्रा उभा केला, वाळूची बादली शेजारी. उस्ताद म्हणाले, "भिया, नट को गरम करेंगे, बोल्ट को नहीं." सगळी मेख तीच आहे. नट तापून फुगतो, आतला स्टड (ज्यावर नट बसतो तो बिनडोक्याचा बोल्ट) त्यामानाने थंड राहतो, आणि दोघांची पकड सुटते. नट चेरीसारखा लाल झाला, रंग उतरेपर्यंत थांबले, आणि मग चक्क मेणबत्ती टेकवली! मेण वितळून सरसर आट्यांत ओढलं गेलं, धूर निघाला. पाणी मात्र चुकूनही मारायचं नाही, बिडाची हाउसिंग तडकते.

आता काकांची पाळी. ते म्हणाले आधी किंचित घट्ट कर. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली, पण केलं, आणि कटकन आवाज आला, तुटल्याचा नाही, सुटल्याचा, हा फरक हाताला बरोब्बर कळतो. मग पाव फेरा मागे, थोडा पुढे, परत मागे, असं करत नट बाहेर आला. घाई केली की आटे एकमेकांत रुततात आणि स्टड पिळवटून तुटतो.

इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीकडचा स्टड तुटलाच, तो तुटणार हे तिघांनाही माहीत होतं, अर्धा गंजानेच खाल्लेला होता. नशीब की बोटाच्या पेराइतका बाहेर उरला. टर्बोच्या तोंडात कपडा कोंबून ठेवला होता (आत एक कण गेला तरी पंख्याची वाट), उस्तादांनी त्या तुकड्यावर नवीन नट ठेवून आतून वेल्ड भरला, वेल्डच्या उष्णतेनेच तो ढिला झाला आणि थोडं थंड झाल्यावर साध्या पान्याने निघाला. ड्रिल मारायची वेळ आली असती तर टर्बो उतरवूनच काम करावं लागलं असतं.

पुढचं काम सोपं. भोकांतून ८ गुणिले १.२५ चा टॅप (आटे साफ करणारं हत्यार) फिरवला, फ्लँज (जोडाची सपाट कड) घासला, नवीन स्टड, नवीन गॅस्केट, तांब्याचा मुलामा असलेले नट आणि आट्यांना कॉपर पेस्ट, मॅन्युअलप्रमाणे २५ न्यूटन-मीटरला कसले. सगळे स्टड-नट धरून खर्च टर्बोच्या किमतीच्या जवळपाससुद्धा गेला नाही, आणि उस्तादांनी मागितले त्यापेक्षा जास्तच दिले मी.

गाडी दोन-चार वेळा गरम-थंड झाल्यावर नट परत तपासले, एक जरासा फिरला, बाकी जागच्या जागी. आता मागच्या सायलेन्सरचा क्लॅम्प तसाच गंजलेला आहे, पण तिथे टर्बो नाही, सरळ ग्राइंडर लावणार.