रिबन स्पीकर, तीन ओहम आणि इंदूरचा उन्हाळा

जुने रिबन स्पीकर घ्यायचे मनात असेल तर आधी ॲम्प्लिफायरचे पैसे बाजूला काढा, हे मी हल्ली विचारेल त्याला सांगतो. माझी अपोजी 'स्टेज'ची जोडी ज्या गृहस्थांकडून आली, त्यांचा रिसीव्हर आवाज जरा चढवला की प्रोटेक्शनमध्ये जाऊन गप्प व्हायचा. ते स्पीकरलाच नावं ठेवत होते, म्हणून मला परवडले.

अपोजी ही अमेरिकन कंपनी 1980 च्या दशकात गाजली आणि पुढे बंद पडली. त्यांच्या रिबन स्पीकरमध्ये कागदी कोन नाही, कॉइलही नाही. चुंबकांसमोर ॲल्युमिनियमची अगदी पातळ पट्टी, तिच्यातूनच करंट जातो आणि तीच हलते. माझ्या स्टेजला मल्टिमीटर लावला तर रेझिस्टन्स तीन ओहमच्या आसपास, आणि ओहम जितके कमी तितका ॲम्पकडून करंट जास्त ओढला जातो. याच कंपनीचा 'सिंटिला' तर एक ओहमचा! आठ ओहमला शंभर वॉट द्यायला साधारण साडेतीन अँपिअर लागतात, एक ओहमला तेच शंभर वॉट द्यायचे तर दहा. क्रेल या अमेरिकन कंपनीच्या ॲम्पचं तेव्हा नाव झालं त्यात सिंटिलाचा मोठा हात होता. तसं रिबनचं ॲम्पवरचं ओझं (लोड) सरळ असतं, फ्रिक्वेन्सीप्रमाणे फारसं वरखाली होत नाही. फक्त करंट हवा, आणि तो सतत हवा. म्हणून ॲम्पच्या पत्रकावरचे नुसते वॉट वाचू नका. आठवरून चार ओहमवर आल्यावर वॉट जवळजवळ दुप्पट होतात का, ते बघा.

मला तसा एक जुना क्लास ए ॲम्प (गाणं नसतानाही आत करंट वाहता ठेवणारा) मिळाला, पण अमेरिकेतला, 120 व्होल्टचा. इंदूरच्या विजेच्या सामानाच्या बाजारात, महाराणी रोडवर, जो तो स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर दाखवत होता. शेवटी एका वयस्क कारागिरांनी झाकण उघडलं, ट्रान्सफॉर्मरच्या वायरी मोजल्या आणि म्हणाले, "भिया, दो प्राइमरी हैं, सीरीज में कर देते हैं।" दोन वाइंडिंग समांतर होती, ती एकापुढे एक जोडली की 240 ला चालतात. फ्यूज बदलला, फुगलेले कपॅसिटर काढले, बायस, म्हणजे ट्रान्झिस्टरमधून कायम वाहणारा करंट, नव्याने लावला. स्पीकर जोडण्याआधी आउटपुटवर डीसी (एकाच दिशेचा व्होल्टेज) किती येतो ते मोजून घेतलं. पट्टीच्या वाट्याला नको तो डीसी येऊ देण्यात शहाणपण नाही.

स्पीकरच्या वायरीचा मुद्दा लोक थट्टेवारी नेतात. एक चौरस मिलिमीटरची पाच मीटर वायर, जाऊन-येऊन दहा मीटर, म्हणजे 0.17 ओहम. आठ ओहमला ते खपून जातं, तीनला नाही. महागडी केबल मात्र मी घेतली नाही. घराच्या वायरिंगची चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरली.

खरी चिकाटी लागली ती स्पीकरच्या आतल्या कामाला. कडेच्या फोमचा चिकट भुगा झालेला, त्यामुळे खर्जात पॅनेल खरखरायचं. चुंबक इतके ताकदीचे की स्टीलचा पेचकस हातातून खेचून घेतात, आणि तो पट्टीवर आदळला तर सगळंच संपलं. म्हणून बांबूच्या काड्या आणि इअरबड घेऊन बसलो. फटीत अडकलेला लोखंडाचा कीस चिकटपट्टीच्या टोकाने एकेक कण करत उचलला. डावा स्पीकर स्वच्छ झाला. उजव्याचा खालचा कोपरा अजून कुरकुरतो.

या सपाट, पॅनेलसारख्या स्पीकरच्या मागूनही तेवढाच आवाज येतो, त्यामुळे भिंतीला टेकवून ठेवले तर खर्ज विस्कटतो. रामबागेतल्या आमच्या बैठकीत ते भिंतीपासून साडेतीन-चार फूट पुढे उभे आहेत. काकू म्हणाल्या, "अरे, ही दारं खोलीच्या मधोमध कशाला उभी केलीस?" मग अमीर खाँसाहेबांची रेकॉर्ड लावली. इंदूरचे म्हणून नव्हे, मंद्रातल्या त्या संथ आलापीला हा स्पीकर खरोखर न्याय देतो: स्वर सुटून पुढच्या स्वरावर जातानाचा श्वाससुद्धा वेगळा ऐकू येतो. काकू तासभर उठल्या नाहीत, पण दारांबद्दलचं मत काही बदललं नाही.

तबला जोरात ऐकायची हौस असणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये. आणि क्लास ए ॲम्प गाणं नसतानाही वीज खाऊन तापतो. मे महिन्यात रात्री दहाच्या आत मी तो लावतच नाही. उजव्या कोपऱ्याचा फोम आणून ठेवलाय, ते काम पावसाळा संपल्यावर.