आंबोलीत मखमली शिलिंध्री पाहायचा असेल तर

आंबोली म्हटलं की लोकांना धबधबा आठवतो आणि सगळे पावसातच धावतात. आम्ही मुद्दाम जानेवारीत गेलो. गर्दी नाही, जळवा नाहीत, आणि मखमली शिलिंध्री हा छोटा पक्षी इथे बारमाही असतो. सावंतवाडीहून एसटीने घाट चढायला साधारण ३० किलोमीटर, कोल्हापूरकरांना आजऱ्यावरून येता येतं.

सकाळी हिरण्यकेशी नदीच्या उगमाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागलो. अंजन, जांभूळ, पिसा अशी दाट सदाहरित राई. बराच वेळ बुलबुलांखेरीज कोणी नाही. मग वर निखार पक्ष्यांची किलबिल सुरू झाली, मागोमाग कोतवाल आला आणि बघता बघता झाडं जागी झाली. शिलिंध्री बहुधा अशा वेगवेगळ्या पक्ष्यांच्या मिश्र थव्यातच फिरतो. त्यामुळे एकेक झाड धुंडाळत बसू नका, थवा गाठा. 'सिट्-सिट्-सिट्' असा बारीक, घाईघाईचा आवाज आला की शेंडे सोडा, खोडं आणि जाड फांद्या बघा.

पक्षी चिमणीहून लहान, जेमतेम १२ सेंटिमीटर. पाठ जांभळट निळी, कपाळावर काळा मखमली ठिपका, चोच लाल, डोळा पिवळा. आमच्या पुढ्यातला नर होता. डोळ्यामागे काळी भुवई ओढलेली, ती मादीला नसते. जांभळीच्या खोडावरून पठ्ठ्या चक्क डोकं खाली करून उतरत होता. सुतार पक्षी शेपटीचा टेकू घेऊन चढतो, याचं शेपटीवाचून काही अडत नाही. एक पाय वर अडकवायचा, दुसरा खाली रोवायचा, की झालं. मध्येच थांबून त्याने सालीचा पापुद्रा उचकटला, आतलं काहीतरी गट्टम केलं आणि फांदीच्या खालच्या अंगाने उलटाच चालत पलीकडे गेला. सगळा खेळ मिनिटभराचा.

फोटोवाल्यांनी फार आशा धरू नये. राईत उजेड कमी आणि हा एका जागी ठरत नाही. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची क्षमता, सढळ हाताने वाढवावा लागतो. खरं सांगायचं तर ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी) दुर्बीण जास्त सुख देते. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून बोलावणं मात्र कृपा करून टाळा. उन्हाळ्याकडे ही जोडपी झाडांच्या ढोलीत, सुताराने सोडलेल्या बिळात घरटं करतात, तेव्हा तर अजिबात नको. वाळकं झाड दिसलं तरी त्याला हात लावू नका, त्यातच ढोली असतात.

हिरण्यकेशीच्या कुंडात पाय बुडवायचा मोह आवरा. तिथल्या छोट्या माशामुळे ही जागा २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाली आहे. नाश्ता बरोबर घ्या, कपडे मळकट रंगाचे घाला आणि परतीच्या एसटीची वेळ आदल्या संध्याकाळीच स्टँडवर विचारून ठेवा.