मोडेम बंद झालाच नव्हता

कॉम्प्युटर दुरुस्त होऊन आला त्याच संध्याकाळी ही भानगड सुरू झाली. मदरबोर्ड गेला होता, तो नवा बसवून मिळाला. घरी आणून सगळ्या वायरी जोडल्या, चालू केला, सगळं नीट दिसलं. फक्त इंटरनेट नाही. खाली कोपऱ्यात पिवळा त्रिकोण. लेकीला रात्री बाराच्या आत तिच्या प्रकल्पाची फाइल पाठवायची होती आणि ती फाइल याच कॉम्प्युटरवर होती.

आमच्याकडे राउटर, म्हणजे एकच जोडणी अनेक यंत्रांना वाटून देणारी पेटी, नाही. केबल मोडेममधून, म्हणजे केबलवरून इंटरनेट घरात आणणाऱ्या डब्यातून, निघालेली वायर थेट कॉम्प्युटरच्या पाठीत जाते. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे.

आधी मोडेमचे दिवे पाहिले. पॉवर, डाउनस्ट्रीम (घरात येणारा सिग्नल), अपस्ट्रीम (बाहेर जाणारा), ऑनलाइन, चारही स्थिर. यातला ऑनलाइनचा दिवा लुकलुकत राहिला तर मोडेम अजून कंपनीच्या यंत्रणेशी जुळतोय असं समजायचं. आमचा तर अगदी शांत होता. कंपनीला फोन केला, तर पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, तुमचा मोडेम आम्हाला ऑनलाइन दिसतोय. एकदा प्लग काढून पुन्हा लावून बघा." टेबलाखाली हात घालून प्लग काढला, दोन मिनिटं थांबलो, परत लावला. फरक शून्य.

मग विंडोजची कमांड टाइप करायची काळी खिडकी उघडून, कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता दाखवणारी आयपीकॉन्फिग ही कमांड दिली. पत्ता आला १६९.२५४ने सुरू होणारा. हा आकडा ओळखता आला की अर्धं काम होतं. कॉम्प्युटर चालू झाल्यावर 'मला पत्ता द्या' अशी हाक मारतो. पलीकडून डीएचसीपी सर्व्हरचं, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या यंत्रणेचं, उत्तर आलं नाही, की विंडोज या गटातला एक पत्ता स्वतःच घेऊन बसतं. त्या पत्त्यावर बाहेरच्या जगाशी बोलता येत नाही. म्हणजे ब्राउझर, अँटिव्हायरस यांच्यामागे लागण्यात अर्थ नव्हता. गाडी त्याच्या कितीतरी आधीच अडली होती. तरी रिलीज, रिन्यू (पत्ता सोडून नवा मागणं) करून पाहिलं, नेटवर्कची सेटिंग्ज रीसेट केली, वायर बदलली. तासभर त्यातच गेला.

भावाचा लॅपटॉप आणून तीच वायर त्याला लावली. त्यालाही १६९.२५४! इथे मी चुकीच्या वाटेला लागलो. दोन्ही यंत्रांना पत्ता मिळत नाही म्हणजे दोष मोडेमचा किंवा लाइनचा, असं मनाशी पक्कं केलं आणि केबलचे स्क्रू घट्ट करत बसलो.

लाइन तपासायची तर मोडेमचं स्वतःचं पान पाहायला हवं. बहुतेक केबल मोडेमांचं ते १९२.१६८.१००.१ या पत्त्यावर असतं. पण १६९.२५४वरून ते उघडत नव्हतं. मग कॉम्प्युटरला हाताने १९२.१६८.१००.१० हा पत्ता दिला, त्याच्या जोडीला भरावा लागणारा सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, आणि पान उघडलं! फार हायसं वाटलं, कारण या एका गोष्टीने वायर, नेटवर्क कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर तिघेही निर्दोष सुटले. सिग्नलचे आकडेही चांगले होते. डाउनस्ट्रीम अधिक २ डीबीएमव्ही, हे सिग्नलच्या जोराचं माप (उणे ७ ते अधिक ७ मध्ये असला की काळजी नसते), अपस्ट्रीम ४४. लाइनही सुटली.

त्याच पानावर खाली एक ओळ होती. अपटाइम (मोडेम सलग किती वेळ चालू आहे): ४१ दिवस.

मघाशीच मी स्वतः प्लग काढला होता. मग ४१ दिवस कसे? टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरलो, प्लग पुन्हा काढला आणि या वेळी मोडेमकडे बघत राहिलो. बाकीचे दिवे गेले, पण एक छोटा दिवा लुकलुकतच राहिला. आमचा घरचा फोनही याच मोडेममधून चालतो, आणि वीज गेली तरी फोन चालावा म्हणून त्याच्या पोटात बॅटरी असते. मोडेम बंद झालाच नव्हता.

आता सगळं जुळलं. प्रत्येक नेटवर्क कार्डाला स्वतःचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे ओळख क्रमांक, असतो आणि आमचं कार्ड मदरबोर्डवरच होतं. मदरबोर्ड बदलला म्हणजे तो क्रमांकही बदलला. केबल मोडेमला किती यंत्रांना जागा द्यायची हे कंपनी ठरवून देते, पुष्कळदा एकालाच. चालू झाल्यावर जे यंत्र पहिलं दिसेल त्याचा क्रमांक तो धरून ठेवतो आणि पूर्ण बंद होऊन पुन्हा सुरू होईपर्यंत सोडत नाही. आमचा मोडेम अजून जुन्या मदरबोर्डचीच जागा राखून होता. लॅपटॉपही त्याला परकाच. मध्ये राउटर असता तर मोडेमला फक्त राउटर दिसला असता आणि मदरबोर्ड बदलल्याचा त्याला पत्ताही लागला नसता.

घरात सांगितलं की पाच मिनिटं फोन बंद राहील. हे आधी सांगावंच, कुणाला अचानक गरज पडू शकते. झाकण सरकवून बॅटरी काढली, प्लग काढलेलाच होता. आता मात्र सगळे दिवे विझले. लॅपटॉपची वायर आधीच काढून कॉम्प्युटरला लावली होती. हाताने दिलेला पत्ता पुसून 'आपोआप मिळवा' हा पर्याय परत निवडला, हाताने दिलेला पत्ता तसाच राहिला असता तर सगळी मेहनत वाया गेली असती. बॅटरी बसवली, प्लग लावला. एकेक दिवा लुकलुकत स्थिर होत गेला, शेवटी ऑनलाइनचा. रिन्यू दिलं. खरा पत्ता आला, गेटवे, म्हणजे बाहेर जायच्या दाराचा पत्ताही आला. लेक मागे उभी होती, तिला खुर्ची दिली.

पावणेबाराला फाइल गेली. झोपण्याआधी मोडेमच्या माथ्यावर चिठ्ठी चिकटवली: 'बंद करायचा असेल तर बॅटरीही काढा.'