शेजाऱ्यांना माहीत असलेला माणूस

कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातल्या एका लहान गावात, वृद्धांच्या केअर होममध्ये मी नोकरी करते. खातं रिक्रिएशनचं. म्हणजे बिंगो, गाण्यांची दुपार, वाढदिवस, उन्हाळ्यात कुंड्यांमधली बाग. याच कामाचा एक भाग नोकरीच्या जाहिरातीत कुठेच नव्हता आणि आता मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. वर्षातून दोनदा, एप्रिलअखेर आणि ऑक्टोबरात, मधल्या महिन्यांत गेलेल्या आमच्या माणसांची स्मरणसभा होते. प्रत्येकाचा एक फोटो आणि प्रत्येकाच्या आयुष्याचं एक पान. ते पान मी लिहायचं आणि सभेत उभं राहून वाचायचं. नावं इथे देत नाही, ओळख पटेल अशा खुणाही बदलल्या आहेत.

आमच्याकडे कुणी गेलं की त्यांना मागच्या दाराने नेत नाहीत. गावातल्या बायकांनी शिवलेली गोधडी अंगावर पांघरतात. नर्स, केअर एड, स्वयंपाकघरातली माणसं, झाडलोट करणारे, जे कुणी ड्यूटीवर असतील ते कॉरिडॉरच्या दोन्ही बाजूंना उभे राहतात आणि पुढच्या दाराने निरोप देतात. हिवाळ्यात पारा बऱ्याचदा उणे तीसच्या खाली जातो, जमीन दगडासारखी गोठलेली असते. खेड्यांच्या स्मशानभूमीत बऱ्याचदा दफन किंवा रक्षा पुरणं उन्हाळ्यापर्यंत थांबतं. त्यामुळे एप्रिलची सभा ही पुष्कळांसाठी सगळ्यांनी मिळून दुःख करण्याची पहिलीच वेळ असते.

मी सांगते आहे त्या वर्षीचा हिवाळा वाईट गेला होता. फोटोंची रांग लांब होती.

त्यात एक शिक्षिका आजी होत्या. दुसऱ्या महायुद्धात शिक्षक मिळेनात, म्हणून पुरतं प्रशिक्षण न झालेल्या मुलींनाही एकखोली शाळांवर पाठवत होते, त्यांतल्या त्या एक. पहिली ते आठवीची सगळी पोरं एका खोलीत आणि सकाळी शेगडी पेटवायची तीही बाईंनीच. त्यांचं बालपण 1930 च्या दशकातल्या दुष्काळातलं. सलग वर्षं पाऊस नाही, वरची माती वाऱ्याने उडून दिवसा अंधार. पेट्रोलला पैसे नाहीत म्हणून लोकांनी मोटारींची इंजिनं काढून त्यांना घोडे जुंपले. तेव्हाचे पंतप्रधान बेनेट यांच्यावरच्या रागापोटी त्या गाड्यांना ‘बेनेट बग्गी’ म्हणत. पूर्वेकडच्या प्रांतांनी रेल्वेने मदत पाठवली, त्यात खारवलेला कॉड मासा होता. समुद्र कधी न पाहिलेल्या बायकांना त्याचं काय करायचं ते कळेना. “आईने दोन दिवस पाण्यात भिजवला तरी खारटच,” आजी सांगायच्या. माझं माहेर लातूरकडचं. बहात्तरच्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर मिळालेली सुकडी आणि अमेरिकेहून आलेला लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, माझ्या आईने खाल्लेला. मी ते सांगितलं तेव्हा आजींनी माझा हात धरला आणि मिलोच्या भाकरी कशा व्हायच्या ते तपशीलवार विचारलं. थापताना तुटायच्या, म्हटलं. त्यांना ते लगेच समजलं.

दुसऱ्या होत्या युक्रेनियन घराण्यातल्या. त्यांचे आजोबा-आजी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आले. चर्चच्या तळघरात बायकांनी रांगेने बसून पेरोगी, म्हणजे सारण भरलेल्या उकडीच्या करंज्या, वळायच्या, त्यात त्या सगळ्यात भरभर. त्यांच्या मुलाने पानाबद्दल फारसं सांगितलं नाही. त्याचं मागणं एकच होतं: पाद्री येतील आणि ‘विच्नाया पाम्यात’ हे चिरस्मरणाचं गाणं तीनदा म्हटलं जाईल, ते मधे थांबवू नका. नाही थांबवलं.

आणि एक क्री आजी, म्हणजे इथल्या मूळनिवासी क्री लोकांतल्या. आमचा भाग सहाव्या कराराच्या प्रदेशात येतो, ब्रिटिश राजसत्ता आणि मूळनिवासी यांच्यातला 1876 चा करार. त्यांची लेक मण्यांचं भरतकाम केलेले आईचे मोकॅसिन, म्हणजे मऊ कातड्याचे जोडे, घेऊन आली आणि म्हणाली, “निवासी शाळेचं लिहू नका. ते तिने आम्हालाही फार थोडं सांगितलं. तिने किती नातवंडं वाढवली ते लिहा, बॅनकची रोटी कशी भाजायची ते लिहा.” निवासी शाळा म्हणजे मूळनिवासी मुलांना घरापासून तोडून जिथे ठेवत त्या शाळा. मी तेवढंच लिहिलं. दुसऱ्याच्या आयुष्यातलं काय वाचायचं हे ठरवायचा हक्क माझा नाही. पण मोकॅसिन फोटोपाशी ठेवताना तिने मला टाचेवरची जागा दाखवली, तिथे मणी वेगळ्या निळ्याचे होते. डोळे अधू झाल्यावर आईला रंग नीट कळेना, आणि लेकीने ते कधी उसवू दिले नाहीत.

या सगळ्यांची पानं भरली. एक पान कोरं राहिलं.

ते आजोबा अविवाहित होते. भाऊ-बहीण नाही, पुतणे-भाचे नाहीत. फाइलमध्ये जन्मसाल 1934, व्यवसाय शेती, जवळचे नातेवाईक या रकान्यात एका वकिलाचं नाव. जानेवारीत गेले. मितभाषी माणूस. मला मात्र दोन गोष्टींमुळे जवळचे वाटत.

पहिली म्हणजे त्यांची जमीन. प्रेअरीची, म्हणजे इथल्या सपाट गवताळ मुलुखाची, जमीन चौकोनांत मोजलेली आहे. मैलभर लांब, मैलभर रुंद तो सेक्शन, 640 एकरांचा. त्याचा चौथा हिस्सा म्हणजे क्वार्टर, 160 एकर. 1872 च्या कायद्याने दहा डॉलर भरायचे, ठरलेली वर्षं तिथे राहायचं, गवताळ रान वहितीखाली आणायचं, की क्वार्टर नावावर. कुठले म्हणून विचारलं तर आजोबा गावाचं नाव सांगत नसत. “बावीसचा ईशान्य,” म्हणत. बाविसाव्या सेक्शनचा ईशान्येकडचा क्वार्टर.

दुसरी म्हणजे मसूर. मी एकदा घरून मसुराचं पाकीट नेलं. त्यांनी मूठभर दाणे तळहातावर घेतले, अंगठ्याने पसरले, एक दाणा दाताखाली फोडला. “कोरडा आहे, चांगला आहे. आम्ही मात्र मोठा हिरवा लावायचो. लेअर्ड.” याच प्रांतातल्या सस्काटून शहराच्या विद्यापीठात अल स्लिंकार्ड यांनी तयार केलेलं लेअर्ड हे वाण 1978 चं. आज कॅनडाचा बहुतेक मसूर याच प्रांतात पिकतो आणि आपल्याकडच्या किराणा दुकानांतही येतो. आजोबांनी तो सुरुवातीच्या वर्षांत पेरला होता, एवढं ते बोलले आणि दाणे पुन्हा पाकिटात मोजल्यासारखे टाकले.

एवढ्यावर पान होत नाही. मी ग्रंथालयात गेले. 1980 साली प्रांताला 75 वर्षं झाली तेव्हा गावोगावच्या लोकांनी आपापल्या भागाचे जाडजूड इतिहास छापून घेतले, घराघरांतून लिहून आलेल्या हकिगती एकत्र करून. अशा पुस्तकांत गोष्ट बहुधा पहिली बैलगाडी आली तिथून सुरू होते आणि क्री लोक जेमतेम पानभर असतात, हे मला खटकतं, पण वसाहतकरी घरांची माहिती मिळते. आजोबांच्या वडिलांची हकिगत सापडली: नॉर्वेहून आधी नॉर्थ डाकोटा, मग इथे. शेवटची ओळ, “मुलगा शेती पाहतो.” बस.

मग मी कॉफी रोवर गेले. इथल्या प्रत्येक गावात सकाळी म्हातारे शेतकरी कॅफेतल्या ठरलेल्या टेबलावर जमतात, त्या बैठकीला कॉफी रो म्हणतात. पाऊस, भाव, कुणाचा ट्रॅक्टर विकायला आहे, सगळं तिथे कळतं. मी आजोबांचं विचारल्यावर टेबल गप्प झालं. एकाने कप फिरवत म्हटलं, “चांगला माणूस होता.” दुसरा म्हणाला, “सभा कधी आहे?” मी दिवस सांगितला. पानावर लिहिण्यासारखं काहीच मिळालं नाही आणि मी थोडी खट्टू होऊन परतले.

सभेच्या दिवशी बर्फ वितळलं होतं, पण शेतं ओली होती, पेरणीला अजून अवकाश होता. दुपारी दोनची वेळ. पावणेदोनला पार्किंगमध्ये चिखलाने माखलेले पिकअप यायला लागले. मी खुर्च्या मांडल्या होत्या त्या संपल्या, मग जेवणघरातून आणल्या, मग लोक भिंतीला टेकून उभे राहिले. टोप्या हातात. काहींना मी ओळखत होते, बऱ्याच जणांना नाही.

एकेक पान वाचलं, एकेकासाठी घंटा वाजवली. आजोबांची पाळी आली तेव्हा होतं तेवढं वाचलं: आई-वडील, क्वार्टर, मसूर. चार-पाच ओळी. मग मी खाली ठेवलेला माइक पुन्हा उचलला आणि म्हटलं, “यांच्याबद्दल मला एवढंच ठाऊक आहे. तुम्हाला जास्त ठाऊक असेल.”

कॅफेत कप फिरवणारे गृहस्थ उठले. मसुराबद्दलच बोलले. “झाड बुटकं, शेंगा जमिनीलगत. कापणी-मळणीचं कंबाइन इतकं खाली चालवायचं तर दगड आत जाणार. आम्ही म्हणालो, हा यंत्र मोडून घेणार. त्याने पेरल्यावर सगळं रान रोलर फिरवून दाबून घेतलं, दगड जमिनीत बसवले. दुसऱ्या वर्षी मी त्याच्याकडे रोलर मागायला गेलो. त्याने रोलरही दिला आणि बियाणंही.”

साठीतल्या एक बाई पुढे आल्या. 1962 च्या जुलैत सस्कॅचवानने सगळ्यांसाठी सरकारी आरोग्य विमा सुरू केला. देशात असा हा पहिलाच. त्याविरुद्ध डॉक्टरांनी तेवीस दिवस संप केला. गावचा दवाखाना बंद होता, बाईंच्या आईला कळा सुरू झाल्या होत्या, वडील रानात. आजोबा तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे. “आईला ट्रकमध्ये बसवून खडीच्या रस्त्याने सस्काटूनला नेलं, त्याच महिन्यात उघडलेल्या कम्युनिटी क्लिनिकमध्ये. ती पोटातली मी. दर वाढदिवसाला आमच्या टपालपेटीत एक कार्ड असायचं, आत फक्त सही.”

नंतर मला क्रम आठवत नाही, माणसं आठवतात. एका शेतकऱ्याला सुगीत हृदयविकाराचा झटका आला होता, तेव्हा शेजाऱ्यांनी आपापली कंबाइन नेऊन त्याचं पीक काढून दिलं. असं इथे होतं, पण त्या दिवशी पहाटे पहिलं यंत्र आजोबांचं होतं आणि त्यांचं स्वतःचं पीक उभं होतं. कर्लिंग क्लबच्या माणसाने सांगितलं, की कित्येक हिवाळे रिंकचं बर्फ आजोबांनी केलं. कर्लिंग म्हणजे बर्फावर जड दगड सरकवायचा खेळ, त्याला बर्फ गुळगुळीत चालत नाही. पाठीवर पाण्याची टाकी घेऊन, मागे मागे चालत, बारीक थेंब शिंपडावे लागतात, त्यांचे गोठून खडे झाले की त्यावर दगड सरकतो. तो माणूस खुर्च्यांच्या मधल्या वाटेत मागे मागे चालला, हात डावीकडून उजवीकडे फिरवत, आजोबांसारखा. मागे बसलेल्या बायका हसल्या, लगेच रडल्याही.

आमचा एक केअर एड फिलिपिन्सहून आलेला. त्याचा इथला पहिला हिवाळा. तो भिंतीपासून म्हणाला, “गाडी रात्री वायरने प्लगला लावायची असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी खिडकीतून माझी गाडी पाहिली आणि मला बोलावून इंजिन गरम ठेवणारा ब्लॉक हीटर समजावला. दुसऱ्या दिवशी शिफ्टला आलो, तर विचारलं, सुरू झाली ना?”

मी लिहून घेत होते. हाताशी कागद संपला तेव्हा बिंगोच्या पत्त्यांच्या पाठीवर लिहिलं. इतर घरांच्या पानांवर मुलं, नातवंडं, लग्नाची वर्षं होती, घरात दिसतं ते. आजोबांचं आयुष्य सगळं घराबाहेर पडलं होतं, मैलामैलावरच्या शेजाऱ्यांकडे, आणि ज्याच्या वाट्याला आलं त्याने ते जपलं होतं. कॅफेत ते बोलले नव्हते कारण तिथे कुणी कुणाबद्दल असं बोलत नाही. सभेत त्यांना बोलायला जागा मिळाली. वकिलाच्या नावाचा तो रकाना मला आजही अपुरा वाटतो. आमच्या फॉर्ममध्ये शेजारी विचारणारा रकाना हवा, असं मी मॅनेजरबाईंना सांगितलं आणि त्यांनी तो घातला.

सभेनंतर नेहमीसारखं हलकं खाणं होतं, अंड्याच्या सारणाची सँडविच, लोणचं, लहान गोड वड्या, कॉफी. कुणीही लवकर गेलं नाही. क्री आजींची लेक त्या साठीच्या बाईंशेजारी बसली होती. तिला आजोबांचा ट्रक आठवत होता. बर्फात अडकलेली तिची गाडी त्यांनी ओढून काढली होती.

जूनमध्ये पेरणी उरकल्यावर त्यांची रक्षा आई-वडिलांशेजारी पुरली. कबरीवरच्या पाटीसाठी कॉफी रोने वर्गणी काढली. पाटीवर नाव, दोन सालं आणि त्याखाली जमिनीचा पत्ता आहे. मी बिंगोच्या पत्त्यांवरचं सगळं टाइप करून ग्रंथालयात दिलं. ग्रंथपालबाईंनी ते 1980 च्या पुस्तकात त्याच पानाला जोडलं.

आता मी माणूस आमच्याकडे राहायला आला की पहिल्या महिन्यातच त्याच्या शेजाऱ्यांची नावं विचारून घेते. सध्या एक आजी आल्या आहेत, चाळीसेक वर्षं गावच्या टेलिफोन एक्स्चेंजवर आणि पोस्टात काम केलेल्या. त्या स्वतः काही सांगत नाहीत. शुक्रवारी सकाळी कॅफेत जाणार आहे.