आधी अंगठा हलतो

शाळेच्या सुवर्ण महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे असा मेसेज आला आणि बाकी सगळं सोडून मला आठवीतला संगीताचा एक तास आठवला. स्नेहसंमेलनाची प्रॅक्टिस चालू होती आणि आम्ही चार-पाच पोरं भिंतीला टेकून उभी, हात खिशात, कारण आपल्याला नाचता येत नाही हे आम्ही आधीच ठरवून टाकलं होतं. बाई ओरडल्या नाहीत, हाताला धरून मध्येही आणलं नाही. म्हणाल्या, बेंचवर बसा, नाचायचं नाही, नुसतं ऐकायचं. आणि टेप चालू केला.

मिनिटभराने टेप बंद करून विचारलं, "बुटात काय चाललंय रे?" सगळ्यांचे अंगठे हलत होते. माझासुद्धा, आणि मला पत्ताच नव्हता.

मग त्यांनी डस्टर घेतला आणि टेबलावर ठोके द्यायला लागल्या, एक दोन तीन चार, एक दोन तीन चार, घड्याळासारखे, आणि आम्ही ढिम्म. पुढच्या आवर्तनात तिसऱ्यानंतर घाईने एक हलकी टिचकी मारली आणि चौथ्याच्या जागी हात वरच धरून ठेवला. त्या रिकाम्या जागेवर अख्ख्या वर्गाच्या माना खाली गेल्या! बाई एवढंच म्हणाल्या, "बघा, मी सोडलेला ठोका तुम्ही दिलात."

आता मी साउंडचं काम करतो, रात्र रात्र मिक्सरमागे उभा असतो, त्यामुळे ताल ऐकून अंग का हलतं यावर मिळेल ते वाचत गेलो. मारिया विटेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये लोकांना ड्रमचे वेगवेगळे तुकडे ऐकवले आणि विचारलं, हलावंसं किती वाटतं? अगदी सरळ तालाला कमी, फारच गुंतलेल्या तालालाही कमी, आणि मधला, जिथे ठोका थोडा चुकवलेला असतो पण हरवत नाही, त्याला सगळ्यात जास्त. वाचताना मला तो वर धरलेला डस्टरच दिसत होता.

बेसचं तर काय सांगू. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या लोकांनी एका खऱ्याखुऱ्या इलेक्ट्रॉनिक कॉन्सर्टमध्ये कानाला जाणवणारही नाही इतक्या खालच्या पट्टीचा आवाज देणारे स्पीकर थोड्या थोड्या वेळाने चालू-बंद केले, प्रेक्षकांच्या डोक्याला सेन्सरचे पट्टे होते. ते स्पीकर चालू असताना हालचाल जवळपास 12 टक्के वाढली (2022 चा पेपर आहे). म्हणजे गाण्यातलं काही थेट अंगालाच कळतं, मनाला लाजायला वेळच मिळत नाही.

आणि 2010 च्या एका अभ्यासात 5 महिन्यांपासून 2 वर्षांपर्यंतची बाळं होती, नुसतं बोलणं ऐकवलं त्यापेक्षा संगीत आणि ताल ऐकवला तेव्हा ती कितीतरी जास्त हलली. त्यांना अजून कोणी "तुला जमत नाही" म्हटलेलं नसतं ना.

वेगाचंही आहे. मिनिटाला 120 च्या आसपास ठोके म्हणजे सेकंदाला दोन, साधारण आपण चालतो तोच वेग, आणि चालता तर सगळ्यांना येतं. माझा अनुभव असा की 160 च्या पुढे गेलं की भिंतीजवळची माणसं परत भिंतीकडे जातात. तसंच ठरलेल्या स्टेप्सचं गाणं लावलं की पण, कारण मग बरोबर-चूक सुरू होतं. त्यांच्यासाठी गाणं असं हवं की ज्यात टाळीला जागा आहे, ओळ परत परत येते आणि नुसतं गुडघ्यात वाकलं तरी आपण गाण्यात असतो.

मध्ये एका कार्यक्रमात एक काका माझ्या स्पीकरशेजारी हाताची घडी घालून उभे होते, दोन तास तसेच. मी त्यांच्या बुटाकडे बघत होतो. टाच हलली. मग मी एक आवर्तन किक, म्हणजे ड्रमचा धम्म वाजणारा ठोका, काढून टाकली आणि परत आणली, तसा त्यांचा खांदा बरोबर समेवर खाली आला, घडी सुटली, आणि पुढची तीन गाणी ते डोळे मिटून झुलत होते. तेव्हा बाईंची इतकी आठवण आली की काय सांगू.

महोत्सवाचा साउंड माझ्याकडेच आहे. एक सब, म्हणजे नुसता बेस वाजवणारा स्पीकर, मुद्दाम मागच्या भिंतीजवळ ठेवणार आहे.