पिवळ्या धातूची पोत

18 ऑगस्ट 2025, सोमवार. सकाळी साडेआठला पोलीस ठाण्यात पाय ठेवला तर हेड मोहररनी, म्हणजे ठाण्याच्या मुख्य लेखनिकांनी, आधी बक्कल नंबर विचारला, नाव मग. त्यांनी स्टेशन डायरीत माझी आमद, म्हणजे हजर झाल्याची नोंद, घेतली आणि मी त्या ठाण्याची झाले. पोलीस भरतीची आठशे मीटरची धाव, गोळाफेक, लेखी परीक्षा, नऊ महिन्यांचं प्रशिक्षण, त्यानंतर मुख्यालयातली गार्ड ड्युटी, एवढं सगळं करून डायरीत दोन ओळी. मी त्या दोन ओळी उभ्याउभ्या तीनदा वाचल्या.

ठाणं वर्धा जिल्ह्यातलं आहे, इतकंच सांगते. गावाचं नाव लिहिणार नाही, कारण पुढे ज्या घराबद्दल लिहायचं आहे त्या घराला अजून तेरवी व्हायची आहे. मी वरुडकडची, संत्र्याच्या भागातली. बाबांची अडीच एकर. आमच्या घरात माझ्याआधी खाकी कोणीच घातली नाही.

ठाणेदार साहेबांनी बीट दिलं. सतरा गावं, बीट जमादार, त्यांची मोटारसायकल आणि मी. जमादार साहेबांची नोकरी 28 वर्षांची. पहिले दोन दिवस ते मला नुसते गावागावांतून फिरवत होते. ते कुठेही गेले की चौकशी एकच: कोणाच्या धुऱ्याचं भांडण चालू आहे, नाल्याला पूर आला की कोणतं गाव तुटतं, बाहेरून कोण राहायला आलं, कोणाचं पोरगं पुण्याहून काम सोडून परत आलं. चोरीबिरीचं शेवटी विचारायचे. पोलीस पाटलाबद्दल मी वर्गात 1967 चा ग्राम पोलीस अधिनियम पाठ केला होता. इथे पहिल्याच गावात पोलीस पाटील म्हणून ज्या बाई भेटल्या त्या ओसरीत सांभार, म्हणजे कोथिंबीर, निवडत बसल्या होत्या. त्यांनी पाटावर बसवलं, चहा टाकला आणि चहा उकळेपर्यंत गावातल्या चार घरांची खडान्‌खडा माहिती दिली. मी वही काढली तर म्हणाल्या, "आत्ता लिहू नोका मॅडम, आधी आयका."

जमादार साहेबांच्या तोंडी अजून जुनी कलमं आहेत. 1 जुलै 2024 ला नवे कायदे लागू झाले, माझं प्रशिक्षण त्याच्यावरच झालं. खुनाला ते 302 म्हणतात तेव्हा मी मनात 103 म्हणते, अकस्मात मृत्यूच्या चौकशीला ते 174 म्हणतात तिथे मी 194 लिहिते. दोन दिवसांत आमची ही जोडी जमून गेली.

मंगळवारी वॉश आऊट होतं, म्हणजे गावठी दारूच्या भट्ट्या शोधून नष्ट करायची मोहीम. पोळा तोंडावर आला की मोहाच्या भट्ट्या वाढतात. नाल्याच्या काठाला जमिनीत पुरलेले प्लास्टिकचे ड्रम, वर पळसाच्या डहाळ्या. झाकण काढलं की आंबट-गोड वाफ थेट डोळ्यांत जाते. पंचांसमोर नमुना बाटलीत घेतला, लाखेनं सील केलं, लेबलावर सह्या घेतल्या, मोबाइलवर सगळ्याचं चित्रीकरण केलं आणि उरलेला सडवा तिथेच मातीत सांडला. परत येताना गाडीत एक जण म्हणाला की जिल्ह्यातली दारूबंदी 1975 पासून आहे, पन्नास वर्षांत काय फरक पडला? मला हे पटत नाही. त्याच सकाळी एक बाई ठाण्यात येऊन पोरगं कुठे पितं ते जागेसकट सांगून गेली होती. शेजारच्या जिल्ह्यात तिला हे सांगायला ठाण्यात जाताच आलं नसतं, कारण तिथे दारूचं दुकान कायदेशीर आहे. माझ्या मते तेवढ्यासाठीसुद्धा बंदी राहायला हवी.

बुधवारी दुपारी तालुक्याच्या दवाखान्यातून मेमो आला. सर्पदंश, बाई, वय 38. जमादार साहेबांनी हेल्मेट उचललं आणि म्हणाले, "चाल बेटा. मर्ग हाय. बाई हाय म्हणून तुले आत जा लागंल." मर्ग म्हणजे अकस्मात मृत्यूची चौकशी.

मृतक बाई असली की अंगावरच्या खुणा पाहायला महिला अंमलदार लागते, हे माहीत होतं. माहीत असणं आणि त्या खोलीत फिनाइलच्या वासात उभं राहणं वेगळं. पंच म्हणून त्याच सांभार निवडणाऱ्या पोलीस पाटीलताई होत्या आणि गावातली दुसरी एक बाई. जमादार साहेब दाराबाहेर स्टुलावर पाठमोरे बसले. ते विचारत होते, मी पाहून सांगत होते आणि लिहीत होते.

डोकं कोणत्या दिशेला. डोळे अर्धवट मिटलेले. अंगात जांभळी सुती साडी, वरून पुरुषाचा जुना फुलशर्ट, निळ्या चौकड्यांचा, बाह्या मनगटापर्यंत बंद. आमच्याकडे निंदायला जाणाऱ्या सगळ्या बाया असाच घरधन्याचा शर्ट घालतात, पानांची कूस लागू नये म्हणून. माझी आईही घालते. शर्टाच्या खिशात तंबाखूची पुडी आणि पन्नासची एक नोट. डाव्या पायाच्या घोट्याच्या वर दोन बारीक टोचल्याच्या खुणा, भोवती सूज, कातडी काळी-निळी. त्याच्या वर पिंडरीला सुतळीचा वळ, कारण कोणीतरी पाय करकचून बांधला होता.

मग हात. दोन्ही हातांच्या नखांत काळी माती होती, अजून ओलसर. मी थांबले. ही काही जखम नव्हती. विचारलं, "सर, नखांतली माती लिहू?"

"दिसून रायली ना? मंग लिही."

दागिन्यांपाशी मी चुकले. गळ्यात काळ्या मण्यांची पोत होती, मी लिहिलं, "सोन्याची पोत." वाचून दाखवलं तर जमादार साहेबांनी तिथेच थांबवलं. ओळ खोडायला लावली, खोडल्याजागी माझी आणि पंचांची सही घेतली आणि पुढे सांगितलं, "पिवळ्या धातूची." बाहेर मृतकची जाऊ उभी होती. तिनं ते ऐकलं आणि तिचा आवाज एकदम चढला. "पिवळी धातू काऊन लिहून रायले? सोन्याचीच हाय ते! माह्यासमोर घेतली लग्नात!" तिला वाटलं की आम्ही त्या गरीब बाईचं सोनं खोटं ठरवतोय. उद्या पोत बदलली तर विचारणार कोणाला, ही भीतीही त्यातच होती.

जमादार साहेब उठले, तिच्यासमोर गेले. म्हणाले, "माय, मी सोनार नाही, हे पोरगी सोनार नाही. डोयाले पिवळी दिसते म्हणून पिवळी लिहिली. तुही पोत तुले जशीच्या तशी भेटंल, मणी मोजून." मग मला सांगितलं, मणी मोज. मी मोजले आणि आकडा पंचनाम्यात घातला. जाऊ शांत झाली.

मृतकचा नवरा भिंतीला टेकून बसला होता. काहीही विचारलं तरी "हौ" म्हणत होता, "नाही" म्हणायच्या जागीसुद्धा. त्याच्या हाती दागिने देण्यात अर्थ नव्हता. पाकीट सीलबंद करून मुद्देमालात जमा केलं.

बयान जाऊचं घेतलं. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, निंदण चालू होतं, साप अकराच्या सुमाराला चावला. दवाखान्याच्या कागदावर वेळ होती दोन वाजून चाळीस मिनिटं. मधले पावणेचार तास कुठे गेले? ती खाली पाहत राहिली. मग सांगितलं. शेजारच्या गावात एक जण मंत्र टाकतो, आधी तिकडे नेलं होतं. त्यानं कडुनिंबाचा पाला खायला दिला, कडू लागतो का विचारलं, नंतर ती ओकायला लागली तेव्हा गाडी शोधली. हे सांगून झाल्यावर तिनं माझा हात धरला. "हे लिहू नोका मॅडम. पैसे अडतीन लेकरायचे."

पैसे म्हणजे गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान. शेतकरी किंवा त्याच्या घरचं माणूस अपघातानं गेलं तर 2 लाख मिळतात, सर्पदंश त्यात धरलेला आहे. फाइल कृषी कार्यालयातून पुढे जाते आणि तिला आमचा पंचनामा जोडावा लागतो. दोन लेकरं, मोठी मुलगी नववीत. माझा पेन थांबला हे खरं आहे. मला तिचं ऐकावंसं वाटलं, हेही खरं आहे.

मी बाहेर जाऊन जमादार साहेबांना विचारलं. त्यांनी जरा वेळ घेतला. म्हणाले, "वेळ जे हाय ते लिही, नेलं कुठं ते बी लिही. मंत्रवाल्याकडं नेल्यानं साप चावला हे खोटं होत नाही. आपण लपवलं आन्‌ डॉक्टरच्या कागदात ते निघालं, तर मंग साऱ्याच कागदावर शंका येईन. आन्‌ पैशाचं तुले सांगू? तू ते नखातली माती लिहिली ना, ते तिच्या कामी येईन. ते वावरात काम करून रायली होती, हे त्या मातीनं सांगतलं."

मी दोन्ही लिहिलं. जाऊला वाचून दाखवलं, तिनं अंगठा दिला. माझ्याशी मात्र नंतर बोलली नाही.

त्या पावणेचार तासांचा मला अजून राग आहे. तिच्या घरच्यांवर नाही. ते घाबरले होते आणि त्यांना जे जवळ होतं तिकडे धावले. राग याचा की लस तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ठेवलेली होती, फुकट. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांच्या विषावर ती एकच लस चालते. त्या दिवसापासून मी ज्या गावात गेले तिथे पारावर, गिरणीत, शाळेच्या फाटकाशी हेच बोलत होते. पाय करकचून बांधू नका, चिरा देऊ नका, चावलेल्या माणसाला चालवू नका, 108 लावा, गाडी येत नसेल तर मोटारसायकलवर मधे बसवून आणा, पण सरळ दवाखान्यात आणा. एका म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "रातच्याला डॉक्टर रायते का?" मी दवाखान्यात फोन लावून विचारलं आणि त्याच्यासमोरच खात्री करून दिली.

गुरुवार खांदशेकणीचा. संध्याकाळी दारोदार बैलांच्या खांद्याला हळद-लोणी लागत होतं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या" असं आवतन ऐकू येत होतं. आमच्या घरीही बाबा हेच म्हणत असतील या वेळी, एवढं मनात आलं आणि आम्ही पुढच्या गावाला निघालो.

शुक्रवारी पोळा. बंदोबस्त नेमका त्याच गावात लागला. मानाच्या जोडीवरून तिथे दोन घरांत जुना वाद आहे. जमादार साहेबांनी दुपारीच दोघांना पोलीस पाटीलताईंच्या ओसरीत बसवून कोण आधी, कोण मागून हे ठरवून घेतलं होतं, त्यामुळे त्या बाजूनं काही झालं नाही. चार वाजता आखरावर, म्हणजे पोळा भरतो त्या मैदानावर, जोड्या लागल्या. झुली, बाशिंगं, बेगड लावलेली शिंगं, घुंगरमाळा. आणि रांगेच्या टोकाला एक जोडी नुसती धुतलेली. झूल नाही, रंग नाही, नवी वेसणही नाही. दोर धरून शेजारचा पोरगा उभा. जोडी त्या बाईच्या घरची होती. घरात सुतक, पण बैलांना आखर चुकू नये म्हणून शेजाऱ्यांनी सकाळी नाल्यावर नेऊन धुऊन आणली होती.

रांगेतून कोणीतरी कुरबुर केली की सुतकाची जोडी तोरणाखालून कशी न्यायची. दोघे-तिघे त्याला दुजोरा द्यायला लागले. पोरगा दोर आवळून मागे सरकला. मी पुढे झाले, पण काय बोलावं हे मला खरंच सुचलं नव्हतं. यात कायद्याचं कलम कुठलं लावणार? तेवढ्यात मानाच्या जोडीचा म्हातारा मालक स्वतःच्या जागेवरून वळला. "बैलाले कायचं सुतक बे? वरीसभर त्यायनंच वाहलं ना तिचं वावर?"

पुढे कोणी बोललं नाही. हर हर महादेव झालं, तोरण तुटलं, गर्दी उसळली. मी एका पोरीला उचलून बाजूच्या ओट्यावर बसवलं. पाहिलं तर ती जोडी शेवटी, सावकाश, तोरणाच्या जागेवरून गेली.

शनिवारी आमच्यातले दोघे सिंदी रेल्वे गावच्या तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लहान पोरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याला, बंदोबस्ताला गेले. मी ठाण्यात डायरीवर बसले. दिवसभरात दोन एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रारी, आणि एक हरवलेला मोबाइल.

रविवारी सकाळी त्या बाईचा नवरा आला. धुतलेले कपडे, डोक्यावरचे केस काढलेले. मी मुद्देमालातून पाकीट घेतलं, सील दाखवलं, त्याच्यासमोर फोडलं. वाचून दाखवत एकेक वस्तू टेबलावर ठेवली. पिवळ्या धातूची पोत, एक. पिवळ्या धातूचे कानातले, एक जोड. पांढऱ्या धातूची जोडवी, चार. पन्नास रुपयांची नोट, एक. पोतीचे मणी आम्ही दोघांनी मिळून मोजले. आकडा जुळला.

सुपूर्दनाम्यावर त्यानं सही केली, हळूहळू, एकेक अक्षर काढत. मग विचारलं, "शर्ट लिहिला हाय का त्याच्यात?"

मी पंचनाम्यातली ओळ काढून वाचली. निळ्या चौकड्यांचा, पुरुषाचा, जुना फुलशर्ट.

"माहा होय थो," तो म्हणाला.

कृषी कार्यालयात काय काय द्यावं लागतं ते मी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं: सातबारा, आधार, मृत्यूचा दाखला, वारसांची कागदं, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल. आधारवरचं नाव आणि गावातलं नाव वेगळं होतं, म्हणून पंचनाम्यात "उर्फ" घालून दोन्ही लिहिली आहेत, हेही बोट ठेवून दाखवलं. त्यानं कागदाच्या चार घड्या केल्या, पोत रुमालात बांधली आणि खिशात ठेवली. चहाला थांबा म्हटलं तर नको म्हणाला. बैल बांधलेलेच होते, त्यांना सोडायचं होतं.