हरणं जिकडे बघतात तिकडे

सेरेंगेटीहून आल्यापासून एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. 'एवढ्या मोठ्या माळावर प्राणी दिसतात तरी कसे? की गाइडला आधीच ठाऊक असतं कुठे काय बसलंय ते?' खर्च किती आला, व्हिसा कसा काढला, पिवळ्या तापाची लस कुठे घेतली, हेही विचारतात. ते मी फोनवरच सांगून टाकते. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर तसं फोनवर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून तिथला एक अख्खा दिवसच सांगते, फेब्रुवारीतला.

मी कोल्हापूरची. जंगल म्हणजे दाजीपूर, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. झाडी इतकी दाट की गवा वीस पावलांवर असला तरी आधी फांदी मोडल्याचा आवाज येतो, मग तो दिसतो, आणि तोही अर्धाच. ताडोब्यात तेच. वानर खाकरलं, चितळानं धोक्याचा कॉल दिला, की जिप्सी तिकडे वळते. आपल्याकडे जनावर आधी कानांनी शोधायचं असतं. सेरेंगेटीतही पहिले दोन तास मी सवयीनं कान टवकारून बसले होते आणि वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

टांझानियातलं हे राष्ट्रीय उद्यान १४,७६३ चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षा थोडंसंच लहान. मासाई लोकांच्या भाषेत या नावाचा अर्थ जिथे जमीन संपतच नाही असा प्रदेश. दक्षिणेकडच्या माळावर तर खरंच झाड म्हणून नाही. त्याचं कारण जमिनीत आहे. गोरोंगोरोच्या डोंगरांतल्या ज्वालामुखींनी हजारो वर्षं इथे राख ओतली. त्या राखेचा खाली कातळासारखा कडक थर बसला, झाडाची मुळं त्यातून खाली जात नाहीत. वर येतं ते फक्त आखूड गवत, पण काय गवत! कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर असलेलं, दुभत्या जनावराला हवं तसं. तिकडचा ओल दोइन्यो लेंगाई हा ज्वालामुखी अजूनही जिवंत आहे. म्हणजे प्राणी तिथे का जमतात आणि जमले की लांबून का दिसतात, या दोन्हींचं उत्तर त्या राखेत आहे.

आमचे गाइडच गाडीही चालवत होते. पन्नाशीचे, शांत. माझ्या मुलीनं पहिल्याच सकाळी आपल्या सवयीनं त्यांना 'काका' म्हटलं आणि ते एकदम खुलले, कारण स्वाहिलीत काका म्हणजे भाऊ. गंमत पुढेच आहे. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण, त्यामुळे ते मला दिवसभर 'दादा' म्हणत होते. सफारी हा शब्दही स्वाहिलीतलाच, अर्थ नुसता प्रवास. मूळ अरबी, आपल्या सफरीचं आणि तिचं घराणं एकच.

उजाडता उजाडता आम्ही सेरोनेरा नदीच्या काठानं निघालो. इथे थोडी झाडी आहे. पिवळ्या खोडाच्या बाभळी, आणि तो ब्रह्मदंड, ज्याची दुधीएवढी फळं दोरीला टांगल्यासारखी लोंबतात. आपल्याकडे बागांमधून लावलेला दिसतो, त्याचं मूळ घर आफ्रिका. काकांनी एका ब्रह्मदंडाखाली गाडी थांबवली आणि म्हणाले, 'यातलं कुठलं फळ नाही ते सांगा.' आम्ही दोघी दुर्बिणी लावून बघतोय. फळं सगळी सरळ लोंबत होती. एकच टोकाला जरा वर वळलेलं होतं, आणि बघता बघता ते वळण हललं. शेपटी! तिच्यावरून नजर वर नेली तेव्हा कुठे आडव्या फांदीवर पसरलेला बिबट्या दिसला, चारही पाय दोन्ही बाजूंना सोडून झोपलेला. काका म्हणाले, बिबट्या शोधू नका, झाडात जे आडवं आहे, जे वळलेलं आहे, जे झाडाचं नाही, ते शोधा. त्या एका वाक्यानंतर माझी बघायची पद्धत बदलली.

सिंह त्यानंतर लगेचच दिसले. मोठ्या शिळांच्या एका टेकाडावर सात जण, सगळे झोपेत. सिंह दिवसातले सोळा-वीस तास आरामच करतो, तेव्हा त्यांच्याविषयी जास्त सांगण्यासारखं माझ्याकडे नाही.

दहाच्या सुमाराला दक्षिणेकडे, नाबी टेकडीच्या पलीकडच्या माळावर उतरलो आणि पुढचं सगळं क्षितिज काळं दिसायला लागलं. विल्डबीस्ट, म्हणजे गुरांसारखे दिसणारे, दाढीवाले मोठे कुरंग. स्वाहिलीत न्युंबू. गवत-पाण्याच्या मागे वर्षभर फिरणाऱ्या त्यांच्या पूर्ण स्थलांतराचा आकडा १३ लाखांच्या आसपास धरतात. आमच्यासमोर त्यातले किती होते ते सांगता येणार नाही, पण गाडी अर्धा तास चालली तरी कळप संपला नव्हता. फेब्रुवारी हा त्यांच्या विण्याचा महिना. लाखो माद्या जेमतेम दोन-तीन आठवड्यांत वितात, कारण पिल्लं एकदम इतकी झाली की तरस आणि सिंह खाऊन खाऊन किती खाणार!

एक मादी आमच्यापासून साठ-सत्तर पावलांवर खाली बसली, उठली, पुन्हा बसली. काकांनी इंजिन बंद केलं. पिल्लू जमिनीवर आलं ते ओलं, फिक्या मातीच्या रंगाचं, पाय नुसते काठ्यांसारखे. आईनं चाटायला सुरुवात केली आणि त्यानं उठायला. मागचे पाय उचलले की पुढचे दुमडत, पुढचे टेकवले की मागचे घसरत. मुलीनं घड्याळ लावलं होतं. तीनदा ते तोंडावर पडलं, चौथ्यांदा उभं राहिलं. आठवं मिनिट चालू होतं. थोड्या वेळानं ते आईच्या पोटाशी धडपडत चालत होतं आणि माझ्या मुलीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एवढी घाई का, ते कळायला फार वेळ लागला नाही. लांबवर, गवतात दोन तरस बसून होते आणि कळपाकडे एकटक बघत होते.

दुपारी जेवताना काकांनी आकाश वाचायला शिकवलं. गिधाडं गोल गोल वर चढत असतील तर ती नुसती गरम हवेवर उंची घेताहेत, तिकडे जायचं कारण नाही. पाय खाली सोडून सरळ उतरत असतील तर तिथे काहीतरी मेलंय. झाडावर बसून राहिली असतील तर शिकारीचा धनी अजून जागेवर आहे. मी हे ऐकत होते आणि मनात दुसरंच चालू होतं. माझ्या मुलीनं जिवंत गिधाड आयुष्यात पहिल्यांदा तिथे पाहिलं. माझ्या लहानपणी गावाबाहेर मेलेल्या म्हशीवर ती बसलेली असायची. गुरांना देत त्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकानं, तशी मेलेली गुरं खाऊन, ती आपल्याकडून गेली. २००६ साली ते औषध गुरांसाठी बंद झालं, तोवर बहुतेक गिधाडं संपलेली होती. हे मला तिला आफ्रिकेत बसून सांगावं लागलं, याचं फार वाईट वाटलं.

परतीच्या वाटेवर चार वाजता डाव्या हाताला थॉमसन गॅझेलचा कळप लागला. लहानखुरी हरणं, कुशीवर काळा पट्टा, आणि शेपटी सतत हलणारी. सकाळपासून शेकड्यांनी पाहिली होती, त्यामुळे कुणी थांबतही नव्हतं. पण या कळपातलं एकही हरीण चरत नव्हतं. सगळ्यांच्या माना वर आणि सगळी तोंडं एकाच दिशेला.

मी म्हटलं, 'काका, थांबा.'

त्यांनी हरणांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहून हसले आणि इंजिन बंद केलं. हरणं जिकडे बघत होती त्या रेषेवर मी दुर्बीण हळूहळू सरकवत गेले. गवत, गवत, एक वारूळ, पुन्हा गवत. परत वारुळाकडे आले. वारुळाचा माथा जरा जास्तच उंच वाटला. त्या माथ्याला डोळ्यांपासून तोंडापर्यंत उतरलेल्या दोन काळ्या रेघा होत्या.

चित्ता. मादी होती, एकटी.

माझे आजोबा सांगायचे, कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळलेले असत. डोळ्यांवर टोपी चढवून त्यांना बैलगाडीतून माळावर न्यायचं, काळवीट टप्प्यात आलं की चित्तेवान टोपी काढायचा. लहानपणी त्यांनी ते स्वतः पाहिलं होतं. आपल्याकडचे चित्ते संपत आले होते, म्हणून शेवटी शेवटी ते आफ्रिकेतूनच आणत. पुढे १९५२ साली भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं. २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते कुनोला आणले, तेव्हा आजोबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. चित्ता हे नाव आपलं, इंग्रजीनंही ते आपल्याकडूनच उचललं, आणि ते जनावर मोकळं बघायला मला समुद्र ओलांडावा लागला.

दहा मिनिटांत आणखी पाच गाड्या आल्या. दोन गाड्या रस्ता सोडून गवतात शिरल्या, वारुळाच्या अगदी जवळ. चित्ता दिवसाउजेडी शिकार करतो, कारण सिंह आणि तरस त्याची शिकार हिसकावून घेतात. गाड्यांनी वाट अडवली की त्याची तीही वेळ जाते. काका एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी आमची गाडी मागे घेतली, बरीच मागे, आणि मला ते अगदी पटलं.

तिथून ती बोटभर दिसत होती. ती उठली, अंग ताणलं, वारुळावरून उतरली आणि गाड्यांना वळसा घालून चालायला लागली. आणि हरणं पळाली नाहीत. समोर उघड दिसणाऱ्या चित्त्याला ती नजरेआड होऊ देत नाहीत, असं काका म्हणाले. माना वर करून, ठरावीक अंतर ठेवून, सगळा कळप तिच्या मागे मागे चालत निघाला. ती टेकाडापलीकडे उतरली. आम्हाला ती दिसेनाशी झाली तरी हरणांच्या माना अजून तिकडेच होत्या.